आतोबांचा सातवा डायरेक्टर

परमेश्वराच्या दरबारात कुठल्याशा कमिटीत एक जागा रिकामी राहिली असावी आणि ती भरायला माणूस गाठून आणण्यासाठीच त्यानं आमच्या आतोबांना खाली धाडलं असावं, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. दुसरं कुठलंही कारण त्यांच्या जन्माला पुरत नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उभी हयात कालवा खात्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले, अंगानं काटकुळे आणि आवाजानं पैलवान. प्रवरेच्या दोन्ही काठांवरचा एकूणएक शेतकरी त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणून ओळखायचा, आणि ते छत्री उघडून रस्त्यानं येताना दिसले की निम्मे लोक उसात शिरायचे. मी तेव्हा कोल्हारच्या शाळेत मास्तर होतो, राहायला-जेवायला आत्याकडे होतो, आणि खाल्लेल्या अन्नाला जागायचं म्हणून आतोबांच्या मागोमाग उन्हातान्हात वणवण करणं माझ्या नशिबी आलं होतं. तक्रार करतोय असं समजू नका. म्हणजे तक्रारच करतोय. पण ती वणवण पुन्हा करायला मिळाली तर आज या गुडघ्यांसकट निघेन.

रिकामी जागा त्या माणसाला बघवतच नसे. मनमाड रस्त्यावर सर्व्हिस मोटार उभी असली आणि आत एखादी सीट मोकळी दिसली, की आतोबा स्वतः खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “का हो, राहुरीला काही काम नाही का तुमचं? आठवून बघा, असेल!” एकदा खांद्यावर कुदळ घेऊन शेताकडे निघालेल्या एका भल्या माणसाला त्यांनी असं काही पटवलं की तो कुदळीसकट राहुरीला जाऊन बहिणीला भेटून आला, आणि बहीण खरंच अंथरुणाला खिळलेली होती म्हणे! झालं. तेव्हापासून आतोबांचा स्वतःवरचा विश्वास इतका वाढला की आम्हाला घरात राहणं मुश्कील झालं. जेवणाच्या पंगतीचं तर विचारूच नका. आत्यानं चुकून एखादं पान जास्त मांडलं, तर ती ते उचलायला वाकायच्या आत आतोबा धोतराचा सोगा सावरत रस्त्यावर पोचलेले असत आणि हाताला धरून कुणाला तरी घेऊन येत. पोस्टमन आला, तिसगावचा शेळ्यांचा व्यापारी आला (त्याची एक शेळीही आली), आणि बेचाळीसच्या धामधुमीत तर त्यांनी एका पाटावर एक भूमिगत कार्यकर्ता आणि शेजारच्या पाटावर त्यालाच शोधत आलेला हवालदार असे दोघे नकळत जेवायला बसवले होते. दोघांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि एकमेकांना नमस्कार करून दोघे दोन दिशांना गेले. आत्या म्हणायची, “मी या माणसाशी लग्न केलं नाही रे, धर्मशाळेशी केलं.” मूलबाळ त्यांना नव्हतं. दरवर्षी तुळशीचं लग्न मात्र ते असं लावायचे की खऱ्या लग्नांनी लाजावं, आणि अक्षता पडल्या की डोळे पुसायचे. आम्ही त्यावर हसायचो.

गावात जेवढ्या म्हणून कमिट्या होत्या तेवढ्या त्यांनीच भरलेल्या. वाचनालयाच्या कमिटीत त्यांनी निरक्षर माणूस घेतला, कारण तो पुस्तकं पळवणार नाही! स्मशानात पत्र्याची शेड घालायची होती, तेव्हा त्या कमिटीला माणूस मिळेना; नाव दिलं की नंबर लवकर लागतो अशी लोकांत धास्ती. आतोबा घरोघर जाऊन सांगायचे, “अहो, जायचं तर सगळ्यांनाच आहे. निदान पत्रे गळत नाहीत ना, एवढं तरी आत्ताच बघून ठेवा.” लोक चिडले, हसले, आणि शेवटी नावं दिली. शेड अजून गळत नाही.

पण हे सगळं झालं तालमीतलं घुमणं. खरी कुस्ती लागली ती गुळाच्या सोसायटीची. लढाईची सालं होती. पाटाच्या पाण्यावर ऊस मातला होता, जागोजागी गुऱ्हाळं धडधडत होती, आणि गूळ तयार झाला की जो तो आपापली गाडी जुंपून एकटाच शहरातल्या अडत्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. अडत्या गूळ हुंगायचा, नाक मुरडायचा आणि मागेल त्या भावाला घ्यायचा. कारण ढेपा परत घेऊन कोण जातंय? आतोबांनी ठरवलं की दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकाच दारातून गूळ विकायचा. नगरहून सहकार खात्याचे साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि अट घातली: सात डायरेक्टर पाहिजेत, दोन्ही काठांचे पाहिजेत, आणि माघात मी येईन तेव्हा सातही जण एका जाजमावर बसलेले दिसले पाहिजेत. नाहीतर कागद परत. आतोबा स्वतः डायरेक्टर होऊ शकत नव्हते, कारण डायरेक्टर व्हायला ऊस लागतो आणि आतोबांच्या मालकीचा ऊस म्हणजे आत्या तुळशीच्या लग्नात मांडवाला बांधायची तेवढाच. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट साहेबांची मोटार वळणाआड जाते न जाते तोच ते छत्री घेऊन तयार, “चला मास्तर, माणसं बघायला.”

बघायला म्हणजे अक्षरशः बघायला. डायरेक्टर निवडायचा तो सोयरीक जुळवतात तसा, हा त्यांचा सिद्धान्त. “जन्माचा संबंध आहे, घाईचं काम नाही,” म्हणायचे. माणसाच्या घरी जायचं, गोठा बघायचा, पाणी कुठल्या तांब्यातून देतात ते बघायचं, आणि सगळ्यात आधी कुत्रं बघायचं. ज्याचं कुत्रं हडकुळं त्याच्या हातात सोसायटी द्यायची नाही! मग परीक्षा. ते उमेदवाराला बाजूला घेऊन एखादं खोटंच गुपित सांगायचे आणि ते फुटतं का बघत बसायचे. एका उमेदवाराला त्यांनी सांगितलं, “कुणाला बोलू नका, पण मी घरदार सोडून काशीला जाऊन संन्यास घेणार आहे.” संध्याकाळच्या आत ही बातमी नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांकडून आत्याला कळली. आतोबा विजयी मुद्रेनं घरी आले, तर दारात त्यांची वळकटी बांधून ठेवलेली आणि आत्या विचारतेय, “दशम्या किती दिवसांच्या बांधू?” तो उमेदवार नापास झाला आणि आतोबांना दोन दिवस ताकभातावर काढावे लागले.

असं करत करत सहा जण जमले. सगळे आमच्या काठाचे. त्यांतला थोरला मोहरा म्हणजे कोंडाजी. उंचापुरा, रागीट, आणि त्याचं कुत्रं म्हणजे रेडकूच. सातवा पलीकडच्या काठाचा हवा होता, आणि तिकडचे लोक म्हणत होते, रखमाजी आला तर आम्ही सगळे येऊ, तो नाही तर कुणी नाही. आता हा रखमाजी कोल्हारात पाऊल ठेवीत नसे. का? तर कुणाच्याशा बारशाला चारचौघांत हाच कोंडाजी म्हणाला होता, “रखमाजीचा गूळ? आरं, त्यो घोड्याला बी घालू नये!” शेतकऱ्याच्या गुळाला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या घराला नावं ठेवणं. रखमाजीनं नदीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजारालासुद्धा तो लांबच्या गावी जायचा.

मार्गशीर्षात आम्ही नदी ओलांडून त्याच्या वस्तीवर गेलो. आतोबांनी नवं धोतर नेसलं होतं, उपरणं घेतलं होतं, आणि माझ्या हातात नारळ दिला होता. पहिल्या भेटीत विषय काढायचा नाही हा त्यांचा नियम. त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, गोठा बघितला, चुलीपर्यंत डोकावले, माणसं किती, पै-पाहुणे कुठले, सगळं विचारलं. उठताना रखमाजीच्या हातात नारळ ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “रखमाजीराव, तुमच्या घरातलं एक माणूस आम्हाला पाहिजे. कोण, ते आज बोलत नाही. चांगल्या घरांशी नातं जडेल, येणं-जाणं सुरू होईल. विचार करा. पुढच्या गुरुवारी येतो.” रखमाजी एकदम नरमला. “तुमी स्वता आलात भाऊसाहेब, आता आमी काय बोलावं,” म्हणाला. आतोबा परतीच्या वाटेवर वाळूतून लहान पोरासारखे नाचत होते. मीही मूर्खासारखा खूश होतो. आपण काय करून आलो याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

गुरुवारी गेलो तर काय! अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या आणि त्यांवर रखमाजीची सगळी भावकी फेटे बांधून बसलेली. आतोबा माझ्या कानात म्हणाले, “बघ, याला म्हणतात सहकाराची जाणीव.” एवढ्यात आतून हिरवं लुगडं नेसलेली एक मुलगी पोह्यांचं तबक घेऊन आली आणि खाली मान घालून आमच्यासमोर बसली. मी आतोबांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो मायेनं बाजूला केला आणि मुलीला विचारलं, “नाव काय बाळ तुझं?”

“अनसूया.”

“वा! लिहिता-वाचता येतं?”

“व्हय. चौथी पास हाय.”

“छान, छान!” आतोबांनी पोह्यांचा घास घेतला. भावकीतले म्हातारे एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. रखमाजी घसा खाकरून म्हणाला, “आता मुलाचं सांगा भाऊसाहेब. कोनाचा मुलगा?”

“मुलगा? कसला मुलगा?” आतोबा पोहे चावत म्हणाले. “अहो, मी तर तुम्हाला न्यायला आलोय!”

“मला?”

“तुम्हालाच. गुळाच्या सोसायटीत डायरेक्टर म्हणून.”

मग रखमाजी उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. “भाऊसाहेब, पोरगी चारचौघांत बसवली मी. आख्ख्या वस्तीला सांगून मोकळा झालो. उद्या लोक काय म्हनतील? कोल्हारकर आले, पोहे खाल्ले, अन् पोरगी नाकारून गेले! हिला आता दुसरं कोन इचारील?” आतोबांच्या हातातला घास तसाच राहिला. मोटारीत माणसं भरणारा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी दोन्ही हात जोडले. मला त्यांची अशी कीव त्याआधी कधी आली नव्हती. आणि त्याच क्षणी खाली मान घातलेल्या अनसूयेचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. छे हो! हसत होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, “आबा, मामांनी नाकारलं कुठं? त्यांनी तुमाला पसंत केलंय की!”

आतल्या बायका आधी खुदकल्या, मग म्हातारे, आणि हसण्याचा जो लोट उठला त्यात रखमाजी एकटाच खांबासारखा उभा राहिला. सगळं थांबल्यावर तो म्हणाला, “हसा. पर माझं ऐका. ज्यांनी नारळ ठेवला त्यांनीच पोरीचं लगीन जमवायचं. ते जमलं तर मी डारेक्टर. न्हाई तर तुमी त्या काठाला, आमी ह्या.”

परत येताना आतोबा नदीच्या वाळूत मटकन बसले. मी त्यांची समजूत घालायला म्हणालो, “आतोबा, सोसायटीचं बघू काहीतरी.” ते माझ्यावर असे ओरडले की पलीकडचे बगळे उडाले. “सोसायटी गेली खड्ड्यात! माझ्या हातून त्या पोरीचं काही वाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? ‘मामा’ म्हणाली रे मला.” डोळे भरून आले होते त्यांचे. मग उठले, धोतर झटकलं, छत्री उचलली आणि म्हणाले, “कोंडाजीचा भगवान कसा वाटतो तुला?”

“त्याच कोंडाजीचा?” मी म्हणालो. पण भगवान मुलगा सोन्यासारखा होता, त्याबद्दल वाद नाही. वाद होता तो त्याच्या बापाशी. आतोबांनी कोंडाजीला घरी बोलावलं. साखर रेशनवर, त्यामुळे आमच्याकडे गुळाचाच चहा. कोंडाजी एक कप प्याला, दुसरा मागितला, मग नुसत्या गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाला, “लई झ्याक हाय. कुन्या गुऱ्हाळाचा?”

“रखमाजीच्या,” आतोबा शांतपणे म्हणाले.

कोंडाजी खडा थुंकतो की गिळतो, या चिंतेनं आत्यासुद्धा स्वयंपाकघराच्या दारात आली. त्यानं गिळला. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “मग तवा मी काय बोल्लो हुतो?”

“तेव्हा तुम्ही न खाता बोललात.”

कोंडाजीनं आत्याकडून तिसरा कप मागून घेतला.

मुलीनं पलीकडून निरोप पाठवला की मला बघून झालंय, आता मुलगा मी बघणार. त्या काळात असलं काही ऐकून लोक कानावर हात ठेवायचे. आतोबांनी टाळी दिली. बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी. रखमाजी किती वर्षांनी त्या दिवशी नदी ओलांडून आला. आणि आतोबांनी काय करावं? पोह्यांचं तबक त्यांनी भगवानच्या हातात दिलं! “कमिटीत सगळे सारखे,” म्हणाले. तो दणकट गडी तबक घेऊन आला, दोन बशा आडव्या झाल्या, आणि अनसूयेनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “लिवता-वाचता येतं का?” भगवान घाबरून म्हणाला, “व्हय. सही चांगली येती.” कोंडाजी आणि रखमाजी, दोघे वैरी, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हसले. तिथंच जमलं सगळं.

माघात लग्न निघालं, आणि नेमके त्याच दिवशी साहेब आले. मोटारीतून उतरून विचारतात, “कुठे आहे तुमचं मंडळ?” आतोबांनी त्यांना सरळ मांडवात नेलं. एका जाजमावर सात फेटे ओळीनं बसलेले, मधोमध दोन व्याही मांडीला मांडी लावून. साहेबांनी डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, “असं एकजीव मंडळ मी जिल्ह्यात पाहिलं नाही.” तेवढ्यात पंगतीत एक पान रिकामं दिसलं म्हणून आतोबांनी त्यांना धरून जेवायलाही बसवलं. मंजुरीच्या कागदावर बुंदीच्या तुपाचा डाग आहे तो त्यामुळे.

अनसूयेला सख्खा मामा नव्हता. मंगलाष्टकांच्या वेळी रखमाजी आतोबांपाशी आला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, पोरीच्या पाठीशी तुमी उभं ऱ्हावा.” काहींच्या भुवया वर गेल्या, आतोबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या मागे असे ताठ उभे राहिले की त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली. पाठवणीच्या वेळी मात्र त्यांनी जो हंबरडा फोडला! रखमाजी स्वतःचं रडणं विसरून त्यांची पाठ चोळत होता, “अवो भाऊसाहेब, ती तुमच्याच गावात चाललीय! तुमच्या दारावरनं रोज पानी न्हेईल!” आत्या माझ्या शेजारी उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी टोमणा मारणार. पण तीही पदरानं डोळे पुसत होती.

सोसायटी उभी राहिली. अडत्या नाक मुरडायचा थांबला. डायरेक्टर आत सभेला बसत आणि आतोबा बाहेरच्या ओट्यावर, छत्री मांडीवर घेऊन. आत या म्हटलं तर म्हणायचे, “आत जागा कुठे आहे? भरलीय सगळी.” किती समाधानानं म्हणायचे ते! आणि अनसूया खरंच रोज दारावरून जायची. घागर ओट्यावर टेकवून आत्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायची नाही.

पुढे स्वराज्य आलं, आणि त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आतोबा गेले. काही दुखलं नाही, खुपलं नाही, ओट्यावर बसल्या बसल्या गेले. तेराव्याला अंगणात पंगत मांडली. सातही डायरेक्टर होते, दोन्ही काठांची माणसं होती. सगळे बसले आणि शेवटी एक पान रिकामं राहिलं. कुणीतरी हिशोबात चुकलं होतं. वाढपी थांबले. आत्या त्या पानाकडे बघत राहिली, आणि ते उचलायला कुणाचा हात होईना. मलाही झाला नाही. तोवर अनसूया हातातलं भांडं खाली ठेवून, पदर खोचून, भराभरा रस्त्यावर गेली होती. आम्हाला तिचा आवाज ऐकू आला, “ओ दादा! मनमाडला कवाबी जाता यील. आधी जेवून घ्या.” आणि ती एका धुळीनं माखलेल्या, पुरत्या गोंधळलेल्या वाटसरूला हाताला धरून आत घेऊन आली. त्याला त्या पानावर बसवलं, समोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“बसा निवांत,” ती म्हणाली. “आमच्या मामांना रिकामं पान चालत न्हाई.”